धारण आणि मोचन : खानदेशातील अंगधार्य आरोग्यसाधनांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

शब्द हेही इतिहासाचे एक साधन होय, ही दृष्टी खानदेशातील अभ्यासकांस नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळे येथेच निवर्तले, आणि त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचे ऐतिहासिक साधनांचे काम जसे जपले, तसेच त्यांचे धातूंच्या व व्युत्पत्तींच्या संग्रहाचे कामही प्रकाशात आणले. लेखी कागद जेथे मूक असतो तेथे बोलीतील क्रियापद पुष्कळदा साक्ष देते, हा त्या कामाचा धडा आहे. प्रस्तुत निबंधात हीच पद्धती एका अगदी अर्वाचीन वाटणाऱ्या प्रश्नास लावून पाहावयाची आहे.

तो प्रश्न असा. मनगटावर बांधावयाचे, पावले, नाडीचे ठोके, झोप व रक्तातील प्राणवायू मोजणारे पट्टे आणि घड्याळे गेल्या काही वर्षांत जळगाव व धुळे ह्या शहरांतून, आणि तेथून तालुक्याच्या गावांतून, प्रचारात आली. ती विकत घेणारा मनुष्य काही आठवडे ती नेमाने बांधतो, मग काढून ठेवतो. आजार, लग्नसराई किंवा डॉक्टरांची ताकीद असे काही निमित्त घडले की पुन्हा बांधतो, आणि पुन्हा काढतो. ह्या वागण्यास सामान्यतः आळस, धरसोड किंवा आरोग्याविषयीची अनास्था अशी नावे दिली जातात. उत्पादक आणि वैद्यक दोघेही असे गृहीत धरतात की, असे साधन एकदा अंगावर आले म्हणजे ते कायम राहावे. काढणे हे अपयश होय.

हे गृहीत कितपत खरे आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासले पाहिजे. आरोग्यासाठी अंगावर काही धारण करणे ही खानदेशात फार जुनी गोष्ट आहे. आणि ते केव्हा उतरावयाचे ह्याचेही तितकेच जुने नियम आहेत. जेथे धारणाचा विधी आहे तेथे मोचनाचाही विधी आहे. ह्या दुसऱ्या अंगाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे.

२. ‘बध्नाति’पासून ‘बांधणे’पर्यंत

भारतीय परंपरेत रोगनिवारणासाठी मणी बांधण्याचा सर्वांत जुना विस्तृत उल्लेख अथर्ववेदात सापडतो. जंगिड, पर्ण, वरण, शतवार, औदुंबर अशा वनस्पतिजन्य मण्यांची सूक्ते त्यात आहेत. येथे ‘मणी’ म्हणजे रत्नच असे नव्हे. लाकडाचा तुकडा, मुळी, गवताची काडी हीही मणीच होत. ह्या सूक्तांचा विनियोग सांगणारे कौशिकसूत्र असा साधारण नियम देते की, मणी त्रयोदशीपासून तीन दिवस दही व मधात ठेवावा आणि नंतर बांधावा. तेथे क्रियापद आहे ‘बध्नाति’. मराठीतील ‘बांधणे’ हे त्याच ‘बंध्’ धातूचे अपत्य. गंडा बांधतात, राखी बांधतात, मनगटावरचे घड्याळही बांधतात. दागिना मात्र घालतात आणि चष्मा लावतात. म्हणजे अंगावर येणाऱ्या वस्तूंची मराठीने तीन निरनिराळ्या क्रियापदांत वाटणी केली आहे, आणि त्यांपैकी ‘बांधणे’ हे क्रियापद रक्षेच्या आणि अवधीच्या कल्पनेशी निगडित राहिले आहे. जे बांधले ते सोडावयाचेही असते, हे त्या क्रियापदातच गृहीत आहे.

आयुर्वेदानेही धारणाचा विचार केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले असून पहिल्यात मंत्र, औषधी व मणी ह्यांचा समावेश केला आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र, मणी धारण केल्याने जे कार्य घडते ते द्रव्याच्या रसवीर्यादिकांनी समजावून देता येत नाही, ते ‘प्रभावा’चे कार्य मानावे, असे म्हटले आहे. शारीरस्थानात बालकास कोणते मणी बांधावे ह्याची यादी येते. तीत काही प्राण्यांच्या शिंगांची अग्रे आहेत, काही वनस्पती आहेत, आणि शेवटी अथर्ववेद जाणणारे ब्राह्मण ज्यांची प्रशंसा करतील तेही बांधावे, अशी मोकळीक आहे. वैद्यक व लोकाचार ह्यांमधील सीमा त्या काळी किती सैल होती, हे ह्यावरून ध्यानात यावे.

विषमज्वराच्या बाबतीत हा संबंध अधिक स्पष्ट होतो. सतत राहणारा ज्वर वेगळा, आणि येऊन जाऊन पुन्हा येणारा वेगळा. अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक ही त्याची शास्त्रीय नावे. तिसऱ्या दिवशी उलटणाऱ्या तापाची जाण तर अथर्ववेदातही आहे. चरकाने ह्या ज्वरांत बहुधा आगंतु कारणाचा अनुबंध असतो असे मानले, आणि म्हणूनच त्यांवर केवळ औषधाचा भरवसा ठेवला नाही. पाळीने येणाऱ्या ज्वरास पाळीने बांधावयाचे साधन जोडले गेले, ह्याचे मूळ येथे आहे.

३. खानदेशची भूमी, तिचे ताप आणि तिचे शब्द

उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रीच्या ओळी, दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर आणि मधून वाहणारी तापी, ही खानदेशची रचना. गिरणा, पांझरा, बुराई, अनेर ह्या नद्या तापीस मिळतात. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. पुढे त्या शहरांचीच नावे जिल्ह्यांस मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सातपुड्याच्या पायथ्याचा जंगलपट्टा पूर्वीपासून हिवतापाचा. एकांतरा ताप म्हणजे काय, हे ह्या पट्ट्यातील कुटुंबांस ग्रंथांवाचून ठाऊक होते.

ह्या तापाचा स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. थंडी वाजते, ताप चढतो, घाम येतो, आणि मनुष्य दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याइतका बरा होतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोनाल्ड रॉस ह्यांनी १८९७ मध्ये डासाच्या शरीरात हिवतापाच्या परोपजीवीचा शोध लावीपर्यंत ह्या पाळीचे रहस्य उलगडण्याच्या मार्गावर आले नव्हते. अशा तापावर बांधलेला दोरा पुष्कळदा ‘लागू’ पडल्यासारखा दिसतो, कारण ताप स्वतःच्या गतीने उतरावयाचाच असतो. दोरा बांधल्यानंतर एक पाळी चुकली तर श्रेय दोऱ्यास जाते. चुकली नाही तर दोरा नीट बांधला गेला नाही, असे समजून नवा बांधला जातो. रोगाची गतीच साधनाची परीक्षा होऊ देत नाही.

खानदेशचे शब्दभांडार ह्या बाबतीत मोठे बोलके आहे. ‘ताईत’ हा मराठी शब्द अरबी ‘तअवीज’पासून आला, त्या मूळ शब्दाचा अर्थ आश्रय किंवा शरण मागणे असा आहे. १३८२ पासून १६०१ पर्यंत येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते. शिरपूर तालुक्यातील थाळनेर हे त्यांचे आरंभीचे ठाणे आणि बऱ्हाणपूर ही नंतरची राजधानी. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला व मोगली अंमल बसला. फारसी–अरबी शब्द येथे राजदरबाराप्रमाणे दर्ग्यांच्या वाटेनेही लोकांत उतरले असावेत, असे मानण्यास जागा आहे; ताईत हा तर दरबारापेक्षा दर्ग्याच्याच जवळचा शब्द. पश्चिमेस गुजराती मुलखात त्याच वस्तूस ‘मादळियुं’ म्हणतात, उत्तरेस हिंदुस्थानीत ‘तावीज’. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात १९०७ साली खानदेशीस, म्हणजेच अहिराणीस, भिल्ली भाषांच्या शेजारी स्थान दिले. षष्ठीचा ना–नी–नं हा प्रत्यय अहिराणीस गुजरातीच्या जवळ नेतो, तर तिचे पुष्कळसे शब्द मराठीचे आहेत. जो प्रदेश भाषेने असा तिठ्यावर उभा आहे, तेथे वैद्य, फकीर, भगत आणि सातपुड्यातील भिल्ल–पावरांचा बडवा ह्या सर्वांचे दोरे एकाच मनगटावर यावेत, हे स्वाभाविकच होय. रुग्ण पंथाचा हिशेब ठेवीत नाही. तो गुणाचा हिशेब ठेवतो.

येथे एक उणीव नमूद केली पाहिजे. मुंबई इलाख्यातील लोकाचारांविषयी ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी शाळामास्तरांकडून मिळविलेली माहिती आर. ई. एन्थोवेन ह्यांनी १९१४–१५ च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध केली. त्यांतील एक भाग गुजरातचा व दुसरा कोकणचा. खानदेश ह्या दोहोंच्या मध्ये राहिला. अंगावर बांधावयाच्या वस्तूंचा ह्या प्रांतातील तपशील म्हणून बोलींतूनच वेचावा लागतो.

४. कायमचे धारण आणि अवधीचे धारण

तो वेचू लागले असता अंगावरील वस्तूंचे दोन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कायमच्या धारणाचा. करदोडा, ज्यास कडदोरा किंवा करगोटा असेही म्हणतात, हा मुलाच्या कमरेस बांधला जातो. तो जुना झाला तर बदलतात, परंतु कंबर रिकामी ठेवीत नाहीत, आणि अनेक समाजांत तो मृत्यूनंतरच तोडला जातो. मंगळसूत्र सौभाग्याशी बांधलेले. जानवे श्रावणीस बदलले तरी खांदा रिकामा राहत नाही. ह्या वस्तू मनुष्य कोण आहे हे सांगतात. त्या त्याच्या नात्याची, संस्काराची, समाजातील स्थानाची खूण आहेत.

दुसरा वर्ग अवधीच्या धारणाचा. बाळाच्या मनगटातील दृष्टमणी बाळपण सरले की जातात. तापाचा गंडा ताप गेला की सोडतात. गरोदरपणी बांधलेला दोरा बाळंतपणानंतर उतरतो. नवसाचा दोरा नवस फिटल्यावर सुटतो. राखी काही दिवसांनी आपोआप तुटते किंवा सोडून पाण्यात सोडली जाते. ह्या वस्तू मनुष्य कोण आहे हे सांगत नाहीत. तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे हे सांगतात. सोडलेला दोरा केरात टाकीत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. तापी, गिरणा वा पांझरा ह्यांच्या पाण्यात दोरा सोडणे म्हणजे अवस्था संपल्याची नोंद करणे होय.

भाषेने हा संबंध एका क्रियापदात जतन केला आहे. मराठीत ताप उतरतो. दृष्ट उतरवितात. विंचू चावला असता विंचू उतरवितात. अंगावरचा दागिनाही उतरवितात. पीडा जी चढली ती उतरते, आणि तिच्यासाठी अंगावर जे चढविले तेही उतरते. दोहोंची क्रिया एकच. ज्या भाषेत रोग जाणे आणि साधन काढणे ह्यांस एकच शब्द आहे, त्या भाषेच्या बोलणाऱ्यास साधन काढून ठेवणे हे बरे झाल्याचे लक्षण वाटल्यास नवल नाही.

‘गंडा’ ह्या शब्दाचे भाग्य ह्याहून वेगळे आहे. गंडा बांधणे ह्याचा एक अर्थ गुरूचे शिष्यत्व पत्करणे, आणि गंडा घालणे ह्याचा अर्थ फसविणे. विश्वास व वंचना हे दोन्ही अर्थ एकाच रूपात नांदतात. लोकांनी ह्या साधनांवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ही समजूत ह्या एका शब्दाने खोटी ठरते. श्रद्धेबरोबर संशयही वापरात होता. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने जेव्हा सर्प, विंचू किंवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे हा अपराध ठरविला, तेव्हा तो ह्या जुन्या संशयासच कायद्याचे रूप देत होता. ह्या गोष्टीचे गांभीर्य कमी लेखता येत नाही. जेथे औषध तासांत द्यावयाचे असते तेथे दोऱ्याने दवडलेला वेळ प्राणावर बेतू शकतो.

औषधाच्या बाबतीतही मोचनाची ही रीत दिसून येते. ब्रिटिश अमलात १८९२ च्या सुमारास बंगालमध्ये टपालकचेऱ्यांतून कोयनेलच्या पुड्या विकण्यास आरंभ झाला व पुढे ती पद्धत इतरत्र पसरली. पुडी कडू, ताप उतरला की मनुष्य ती सोडून देई, आणि काही दिवसांनी ताप उलटे. मोहिमांच्या काळात, १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमापासून, आरोग्यसेवकांपुढील एक मोठी अडचण हीच राहिली की, ताप नसताना औषध घेण्याचे कारण लोकांस पटवावे कसे. लक्षण गेले तरी रोग उरतो, ही कल्पना ‘उतरणे’ ह्या क्रियापदात बसत नाही.

५. चाळिशी आणि घड्याळ

जुन्या दोऱ्यापासून आजच्या पट्ट्यापर्यंत एकदम उडी घेणे योग्य नाही. मध्ये दोन वस्तू आहेत.

पहिली चष्मा. भारतातील चष्म्याच्या इतिहासावर भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी लिहिले असून, सोळाव्या शतकापासून त्याचे उल्लेख त्यांनी शोधले आहेत. संस्कृतात त्यास ‘उपनेत्र’ म्हटले गेले. ‘चष्मा’ हा शब्द फारसी ‘चश्म’, म्हणजे डोळा, ह्यापासून आला. परंतु मराठीने स्वतःचा असा एक शब्द घडविला : चाळिशी. चाळीस वर्षांच्या वयास लागणारा, वाचताना लावावयाचा व एरवी काढून ठेवावयाचा हा चष्मा. त्याच्या नावातच वयाची अवस्था आहे, आणि त्याच्या वापरात लावणे–काढणे हेच नेमाचे आहे. पोथी उघडली की चाळिशी नाकावर, पोथी मिटली की घरात. ह्या काढून ठेवण्यास कोणी कधी धरसोड म्हटले नाही, कारण ते साधन कामापुरते आहे हे सर्वांस मान्य होते.

दुसरी वस्तू मनगटी घड्याळ. घड्याळ हा शब्द घटिकेशी नाते सांगतो, आणि घटिका मोजणे हे ज्योतिष्याचे व देवळाचे काम होते. वैद्यकात घड्याळ शिरले ते नाडीच्या निमित्ताने. नाडीपरीक्षेचे विवेचन आयुर्वेदाच्या ग्रंथांत शार्ङ्गधरसंहितेपासून ठळक होते. परंतु तेथे नाडीची गती सर्प, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीने ओळखावयाची असते, संख्येने नव्हे. इंग्लंडात सर जॉन फ्लॉयर ह्याने १७०७ साली मिनिटभर चालणारे नाडीघड्याळ वापरून ठोके मोजण्याचा पुरस्कार केला. नाडी वैद्याच्या बोटांतून आकड्यात उतरली ती येथून. आपल्याकडे मनगटी घड्याळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात येण्यास १९६१ पासून एच. एम. टी.च्या बंगलोर येथील कारखान्याची मोठी मदत झाली. लग्नात जावयास द्यावयाची ती वस्तू बनली, आणि मराठीने तिच्यासाठी क्रियापद निवडले ते ‘बांधणे’ हे, गंड्याचेच.

६. मोजणारी साधने

आजच्या पट्ट्यांचा वंश ह्या घड्याळापासून आणि रुग्णालयातील यंत्रांपासून असा दोन्हीकडून येतो. अमेरिकेत नॉर्मन होल्टर ह्याने १९४९ च्या सुमारास हृदयाच्या विद्युत्क्रियेची नोंद चालत्या मनुष्याकडून मिळविण्याचे यंत्र तयार केले. ते पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. १९६१ पर्यंत ते लहान होऊन वैद्यकात रुजले. जपानात १९६५ साली ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, ह्या नावाने पावले मोजणारे यंत्र विक्रीस आले. दहा हजार हा आकडा एखाद्या वैद्यकीय निष्कर्षातून नव्हे, तर त्या नावातून जगभर गेला. २०१९ मधील वृद्ध स्त्रियांच्या एका अमेरिकन अभ्यासात सुमारे ७,५०० पावलांनंतर लाभ वाढेनासा झाल्याचे आढळले. ताकुओ आओयागी ह्यांनी १९७४ मध्ये नाडीच्या स्पंदनांवरून रक्तातील प्राणवायू मोजण्याची रीत शोधली. ह्या तिन्ही धारा एकत्र येऊन आजचा पट्टा बनला आहे.

ह्यांपैकी होल्टरचे यंत्र प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहे. डॉक्टर ते सामान्यतः २४ किंवा ४८ तासांसाठी लावतात, मुदत संपली की काढतात, आणि नोंद वाचतात. रुग्ण ते काढतो ह्यास कोणी अपयश म्हणत नाही. मधुमेहींच्या दंडावर लावावयाच्या काही ग्लुकोजमापकांचीही मुदत १४ दिवसांची असते. मुदत आधीच ठरली असल्यामुळे काढणे हा वापराचाच भाग होतो. नेमके हेच गंड्याचे व्याकरण होय.

कोरोनाच्या साथीत ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे घडली. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, आणि आशा सेविका व इतर कार्यकर्ते घरोघर जाऊन ताप व प्राणवायू मोजू लागले. ऑक्सिमीटर हा शब्द खेड्यातील वृद्धांच्याही तोंडी बसला. ज्यांस परवडले त्यांनी ते यंत्र घरीच आणले. साथ ओसरली तशी ती यंत्रे कपाटात गेली. ह्यात अनास्था होती असे म्हणता येणार नाही. अवस्था संपली होती.

७. पट्टा का सुटतो

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पट्टा सोडण्याची रीत खानदेशापुरती नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, असा पट्टा घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी तो सहा महिन्यांच्या आत सोडल्याचे आढळले. सिंगापुरात ८०० नोकरदारांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षाअखेर पट्टा बांधणारे जेमतेम दहा टक्के उरले. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन प्रयोगात, वजन कमी करू पाहणाऱ्या तरुणांपैकी पट्टा वापरणाऱ्यांचे वजन दोन वर्षांत सरासरी ३.५ किलोने, तर केवळ नेहमीचे मार्गदर्शन घेणाऱ्यांचे ५.९ किलोने उतरले. मोजणे म्हणजे सुधारणे नव्हे. डॅनियल एपस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मांडले की, खंड पडणे व पुन्हा सुरू करणे हा स्वतःची मोजदाद ठेवण्याचा नित्य भागच मानावा. पाश्चात्य संशोधन ज्या निष्कर्षाकडे प्रयोगांच्या वाटेने आले, तो खानदेशी बोलीच्या क्रियापदांत आधीपासून साठलेला आहे.

तथापि खानदेशची काही स्वतंत्र कारणे आहेत. पहिले हवामान. भुसावळ–जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. घामाने पट्ट्याखालील कातडी खाजते, पुरळ उठते. केळीच्या बागेत काम करणाऱ्यास चिकाचे डाग ठाऊक आहेत. तेथे मनगटावरची वस्तू आधी काढून ठेवली जाते. दुसरे कारण वीज. गंड्यास विजेचा आधार लागत नाही. पट्ट्यास दर एक-दोन दिवसांनी किंवा आठवड्याने तो लागतो, आणि त्यासाठी एकदा काढलेला पट्टा पुन्हा बांधण्याचे स्मरण ठेवावे लागते.

तिसरे कारण मनगटाचे. पट्टा घडविणाऱ्याने मनगट रिकामे धरले आहे. खानदेशातील मनगट रिकामे नसते. सवाष्णीच्या हातात बांगड्या असतात, बंजारा स्त्रीचा तर दंडापर्यंतचा हात भरलेला असतो. पुरुषाच्या हातात कडे, देवळातील लाल दोरा, श्रावणानंतर राखी. वातासाठी तांब्याचे कडे घालण्याची रीत आजही आहे, यद्यपि यॉर्क येथील २००९ व २०१३ च्या प्रयोगांत संधिविकारांवर तांब्याच्या व चुंबकीय कड्यांचा खराखुरा गुण दिसून आला नाही. ह्या वस्तूंच्या रांगेत पट्टा येऊन बसतो तेव्हा त्यास ह्यांपैकी कोणत्या वर्गात घालावयाचे, हे मनुष्य न सांगता ठरवितो. तो मंगळसूत्राच्या वर्गात जात नाही. तो गंड्याच्या वर्गात जातो.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. ताईत आणि पट्टा दोहोंतही लिहिलेले काही असते. ताइतातील कागद बंद असतो; तो उघडून वाचावयाचा नसतो, त्याचे सामर्थ्य न वाचण्यात मानलेले आहे. पट्ट्यावरील आकडा मात्र सतत वाचला जावा लागतो; न वाचला तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे ताईत एकदाच विश्वास मागतो, पट्टा रोज लक्ष मागतो. घरापासून शेतापर्यंत व परत किती पावले होतात हे आठ दिवसांत कळते; नवव्या दिवशी तोच आकडा नवे काही सांगत नाही. जे कळावयाचे ते कळले म्हणून साधन उतरविणे ह्यात बुद्धीचा अभाव नसून व्यवहार आहे. ह्याच्या उलट, आकडा अनिष्ट येऊ लागला तर तो न पाहण्यासाठीही पट्टा उतरविला जातो. पहिल्या मोचनात तृप्ती आहे, दुसऱ्यात भय. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि वैद्यकाने त्यांत भेद केला पाहिजे.

ह्या तुलनेचा अर्थ ताईत व पट्टा सारखेच, असा कोणी करू नये. पट्टा काही मोजतो, आणि ते मापन चुकले तर चूक दाखविता येते. ताइतास चूक दाखविण्याची सोयच नाही. साम्य आहे ते वस्तूंत नाही, धारण करणाऱ्याच्या कालकल्पनेत आहे. साधन बदलले, काळाचे माप बदलले नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, अंगावरील आरोग्यसाधन बांधणे व सोडणे ही खानदेशात एकाच आचाराची दोन टोके आहेत, आणि भाषेत ती ‘बांधणे’, ‘सोडणे’ व ‘उतरणे’ ह्या क्रियापदांनी जोडलेली आहेत. दोन, अशी साधने अवस्थेची असतात, ओळखीची नसतात. पट्टा लोकांनी ह्या जुन्या वर्गात घातला, म्हणून तो कायम राहत नाही. तीन, ज्या साधनास मुदत व प्रयोजन आधीच सांगितले जाते, ते तेवढा काळ नेमाने वापरले जाण्याची शक्यता अधिक. चाळिशी आणि होल्टरचे यंत्र ह्यांचा दाखला ह्यास अनुकूल आहे.

ह्यातील व्यावहारिक प्रश्न लहान नाही. मधुमेह व रक्तदाब हे चढून उतरणारे ताप नव्हेत. ते चढतात आणि पुष्कळदा कळत नाहीत. औषधाने आटोक्यात राहतात, परंतु एकांतऱ्यासारखे उतरत नाहीत. ज्या बोलीत रोगाचे जाणे म्हणजे उतरणे आहे, तीत ‘आटोक्यात असणे’ ह्या अवस्थेस अजून घट्ट रुजलेले क्रियापद नाही. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणारा यावलचा शेतकरी आणि पट्टा कपाटात ठेवणारा धुळ्याचा नोकरदार हे एकाच व्याकरणाने वागत आहेत. पहिल्याचे वागणे घातक आहे, दुसऱ्याचे बहुधा निरुपद्रवी. हे अंतर रुग्णास त्याच्याच भाषेत सांगता यावयाचे असेल, तर अहिराणी, लेवा बोली व भिल्ली बोलींतील रोग, औषध आणि धारण ह्यांविषयींच्या क्रियापदांचा संग्रह तालुकावार झाला पाहिजे. तो करण्यास लागणारे वृद्ध बोलणारे आज हयात आहेत; हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.